निरंक आणि मौन

सरकारी कागदपत्रांतल्या भाषेला नावे ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. मीही पुष्कळ ठेवली आहेत. पण त्या भाषेतल्या एका शब्दाची बाजू आज मला घ्यायची आहे. तो शब्द म्हणजे 'निरंक'.

ज्यांनी शाळेत किंवा कचेरीत नोकरी केली त्यांना तो सांगायला नको. वरून परिपत्रक यायचे, की अमुक माहिती अमुक तारखेपर्यंत सादर करावी. आणि खाली ठरलेली ओळ असायची: माहिती निरंक असल्यास तसे कळवावे. नवीन लागलेले शिक्षक वैतागायचे. "सर, काही घडलंच नाही तर कळवायचं काय?" त्यांचा वैताग वरवर पाहता बरोबरच होता. पण तालुक्याला बसलेल्या माणसाच्या जागी बसून पाहा. साठ शाळांपैकी अठ्ठावन्न शाळांचे कागद आले, दोन शाळांचे आले नाहीत. त्या दोन शाळांत काही घडले नाही म्हणून आले नाहीत, की ओढ्याला पाणी येऊन एस.टी. बंद पडली म्हणून, की कळवणारा मुख्याध्यापकच अंथरुणाला खिळला म्हणून? काहीच कळायला मार्ग नाही. 'निरंक' लिहिलेला कागद आणि न आलेला कागद या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात माहिती आहे, दुसऱ्यात फक्त मौन.

आता हे पुराण कशाला, असे तुम्ही विचाराल. कारण संगणक. (हसू नका. बी.ए. मराठी माध्यमातून केलेल्या आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाने या विषयावर लिहू नये असा काही नियम नाही.)

आमचा पुतण्या पुण्यात डेटा स्ट्रीमिंगचे काम करतो. म्हणजे काय करतो हे समजायला मला दोन दिवाळ्या लागल्या. साठवलेली माहिती एकदम वाचणे म्हणजे रांजणातले पाणी काढणे. स्ट्रीमिंग म्हणजे पाटाचे पाणी. ते येतच राहते आणि आले तसे वाफ्यात सोडावे लागते. थांबून चालत नाही. म्हणून असा प्रोग्रॅम लिहिताना काम वाटून देतात. मुख्य प्रोग्रॅम पुढे राहतो आणि मागे त्याचे मदतनीस राबत असतात. त्या मदतनिसांना थ्रेड म्हणतात. एक मदतनीस माहिती आणून एका रांगेत ठेवतो, पुढचा त्या रांगेतून उचलतो.

मला हे पंगतीवरून समजले. मागे चुलाणावर आचारी, पुढे वाढपी, मध्ये बुंदीची परात. आचारी परातीत टाकतो, वाढपी परातीतून घेतो. दोघांनी एकमेकांचे तोंड पाहायची गरज नाही, परात भरलेली असली म्हणजे झाले. पण समजा आचाऱ्याला मागे घेरी आली आणि तो पडला. वाढप्याला काय दिसणार? रिकामी परात. तो तिथे उभा राहील आणि पंगतीला म्हणत राहील, "येतंय, येतंय." पंगत बसून राहील. वाढपी खोटे बोलत नाही, त्याला खरेच तसे वाटत असते.

संगणकात हुबेहूब हेच होते, आणि त्यावर मला राग आहे.

राग यायला निमित्त घरचेच. पुतण्याने आमच्या शेतात मोटारीच्या खोलीजवळ एक पर्जन्यमापक बसवला. आत एक डोलणारी पळी असते. ठरावीक पाणी साचले की ती कलंडते, आणि किती वेळा कलंडली यावरून पाऊस मोजायचा. खोलीत एक तळहाताएवढा संगणक, आणि दर पंधरा मिनिटांनी माझ्या मोबाइलवर आकडा. प्रोग्रॅम पायथन भाषेतला. मागचा थ्रेड पळी मोजणार, पुढचा भाग बेरीज मोबाइलवर पाठवणार. महिनाभर छान चालले. मग एके सकाळी मी नेहमीप्रमाणे साडेआठ वाजता अंगणातला माझा जुना, काचेच्या नळीचा पर्जन्यमापक पाहिला (वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, ती शिस्त मी शाळेपासून पाळतो), तर त्यात ३१ मिलिमीटर. शेत घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि मोबाइलवर होते ०.०. वेळ मात्र ताजी, ८ वाजून १५ मिनिटे.

उंदराने वायर कुरतडली होती, एवढेच. त्याबद्दल माझी तक्रार नाही, उंदीर आपले काम करणारच. वायर तुटल्यावर मागच्या थ्रेडला वाचता येईना, त्याने चूक झाल्याचे जाहीर केले (त्याला एक्सेप्शन म्हणतात) आणि प्राण सोडला. पायथनमध्ये अशा वेळी चुकीचा सगळा तपशील पडद्यावर छापला जातो. पण मोटारीच्या खोलीतल्या त्या डबीला पडदाच नव्हता! आणि पुढच्या प्रोग्रॅमला यातले काही सांगितले जात नाही. तो आपला दर पंधरा मिनिटांनी परात पाहून, पळी कलंडल्याची नोंद नाही म्हणून शून्य पाठवत राहिला. ते शून्य पावसाचे नव्हते, मेलेल्या मदतनिसाचे होते. दिसायला दोन्ही सारखीच.

मी पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "आप्पा, मेन प्रोग्रॅम चालू होता ना, म्हणून वर काही दिसलं नाही. थ्रेडचं एक्सेप्शन आपोआप मेनकडे येत नसतं."

"का येत नाही?" मी विचारले. त्याचे उत्तर ऐकून मी थक्क झालो. या साध्या प्रश्नावर संगणकाच्या जाणत्यांचे एकमत नाही. पायथनमध्ये मुख्य प्रोग्रॅम मदतनिसाचे काम संपायची वाट पाहत थांबला तरी त्याला फक्त 'संपले' एवढेच कळते. नीट संपले की मरून संपले, ते कळत नाही. काही पद्धतींत मदतनिसाची चूक एका पाकिटात बंद करून ठेवतात, आणि मुख्य प्रोग्रॅमने ते पाकीट उघडले तरच ती बाहेर येते. उघडलेच नाही तर चूक पाकिटातच राहते. गो नावाच्या भाषेत उलटे आहे: एका मदतनिसाने अशा वेळी हाय खाल्ली आणि त्याला कोणी सावरले नाही, तर सगळा प्रोग्रॅमच बंद पडतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये आधी मागच्या थ्रेडची चूक गिळली जायची. २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्यांनी नियम फिरवला, की अशी चूक झाली तर सगळा प्रोग्रॅम खाली बसेल. पुढे तिथे थ्रेडऐवजी 'टास्क' आले. त्यांच्या न पाहिलेल्या चुकांवरही आधी प्रोग्रॅम पाडायचे, २०१२ मध्ये तो नियम पुन्हा सैल केला. म्हणजे शाळेच्या वेळापत्रकासारखे, दर साहेबागणिक वेगळे.

माझे मत मी सांगून टाकतो. मदतनीस मेला तर मुख्य प्रोग्रॅमला ते कळलेच पाहिजे, आणि न कळण्यापेक्षा सगळे धाडकन बंद पडलेले परवडले. बंद पडलेल्या घड्याळाकडे पाहून कोणी गाडी चुकवत नाही. अर्धा तास मागे पडलेले घड्याळ गाडी चुकवते.

हे शेतातल्या खेळण्यापुरते नाही. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातला ओंटारिओ अंधारात गेला, सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. त्याची चौकशी अमेरिका आणि कॅनडाने मिळून केली. तिच्यात जे निघाले ते वाचून मला आमचे ०.० आठवले. ओहायोमधल्या फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात तारांवरून सतत आकडे येत असत आणि काही बिघडले की धोक्याची सूचना वाजे. दुपारी २ वाजून १४ मिनिटांनंतर ती वाजायची थांबली. एकाच नोंदीवर दोन कामांनी एकाच क्षणी हात घातला आणि त्या गोंधळात सूचना देणारे काम आतल्या आत अडकून बसले. नव्या नोंदी येऊन साचत राहिल्या. २ वाजून ४१ मिनिटांनी मुख्य संगणक कोसळला, त्याची जागा घेतलेला राखीव संगणकही तेरा मिनिटांनी. ३ वाजून ५ मिनिटांनी एक मोठी वाहिनी झाडाला लागून तुटली, मग दुसरी, मग तिसरी. कक्षातली माणसे समोर बसलेली, आणि सूचना वाजत नाही म्हणजे सगळे ठीक आहे असे समजून चाललेली. बाहेरून फोन येत होते, तुमची वाहिनी गेली का म्हणून. त्यांचा विश्वास बसेना.

यातली मला सर्वांत बोचलेली गोष्ट अशी, की संगणक कोसळल्याची खबर आपोआप गेली होती. पण ती गेली संगणक विभागाच्या माणसांकडे. त्यांनी यंत्र पुन्हा चालू केले आणि नियंत्रण कक्षाला काही सांगितले नाही. म्हणजे चूक कळवली गेली, पण ज्याला त्या आकड्यांवर निर्णय घ्यायचा होता त्याच्याकडे नाही. चूक 'लॉगमध्ये लिहिली आहे' असे प्रोग्रॅमवाले सांगतात ना, ते हेच. लॉग म्हणजे आवक-जावक रजिस्टर. नोंद आहे, पण साहेबाने पाहिली का?

आपल्याकडचे उदाहरण मुंबईचे आहे. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. राष्ट्रीय शेअर बाजारात सकाळी दहाच्या सुमारास निफ्टीचा आकडा हलायचा थांबला. सौदे मात्र चालूच! पडद्यावर आकडा आहे, पण तो जुना आहे. जोखमीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा हाताशी राहिली नाही म्हणून शेवटी ११ वाजून ४० मिनिटांनी बाजार थांबवला. कारण म्हणून दूरसंचार वाहिन्यांतला बिघाड आणि त्यातून साठवण यंत्रणा बंद पडणे असे सांगण्यात आले. वाहिन्या तुटतात, ते मी समजू शकतो. पण साडेतीनची वेळ होत आली तरी बाजार पुन्हा उघडणार की नाही ते लोकांना नक्की कळेना. अनेक दलालांनी ग्राहकांचे त्या दिवसापुरते सौदे मुंबई शेअर बाजारात मिळेल त्या भावाने मिटवले. आणि मग पावणेचार ते पाच बाजार पुन्हा भरला! ज्यांचे सौदे आधीच मिटवले गेले त्यांनी काय करायचे? त्यानंतर महिनाभरात सेबीने नियम घातला, की असा बिघाड झाला तर अर्ध्या तासाच्या आत आपत्ती जाहीर करा. मला हा नियम फार आवडला. बिघाड होऊच नये असे तो म्हणत नाही. गप्प बसायला किती वेळ परवानगी आहे, तेवढे ठरवतो.

तर पुतण्याने आमच्या प्रोग्रॅमचे काय केले? मागच्या थ्रेडला चूक झाली की ती चूकच परातीत ठेवायची, माहितीच्याच रांगेत, तिच्या क्रमाने. म्हणजे पुढचा भाग परातीत हात घालेल तेव्हा बुंदीऐवजी त्याच्या हाताला चिठ्ठी लागेल: आचारी पडला. त्याला न वाचून चालणारच नाही, कारण परात तीच आहे. चिठ्ठीत मूळ चूक जशीच्या तशी, कोणत्या ओळीत झाली त्यासह. हे मला पटले, कारण कचेरीतही 'मूळ अर्ज सोबत जोडला आहे' असे असले तरच वरच्याला काही कळते. प्रत्येक पायरीवर आपल्या शब्दांत सारांश लिहीत गेले तर शेवटच्या टेबलावर फक्त 'काहीतरी अडचण आहे' एवढेच पोचते. आणि उलट बाजूही त्याने बांधली. वाढपी पडला तर आचाऱ्याला कळले पाहिजे, नाहीतर परात काठोकाठ भरते आणि आचारी झारा हातात धरून जन्मभर उभा राहतो. रांगेला मर्यादा नसेल तर आणखी वाईट. तो टाकतच राहतो, आणि एक दिवस संगणकाची स्मरणशक्तीच संपते.

पण ओहायोचे वाचल्यावर मी त्याला म्हणालो, "अरे, तिथलं काम मेलं नव्हतं, अडकलं होतं. अडकलेला माणूस चिठ्ठी कशी लिहिणार?" थोडा वेळ फोनवर काही आवाज नाही. मग म्हणाला, "बरोबर आहे आप्पा. हार्टबीट लागेल." म्हणजे मागच्या थ्रेडने पाऊस नसला तरी थोड्या थोड्या वेळाने सांगत राहायचे, मी आहे, पाऊस नाही. मी म्हणालो, त्याला आम्ही निरंक म्हणतो.

त्याचाही एक मुद्दा होता, तो सांगायला हवा. तो म्हणतो, त्याच्या कामात दिवसाला लाखो नोंदी येतात, एखादी वेडीवाकडी नोंद आली म्हणून सगळा प्रवाह बंद पाडला तर ग्राहक त्याला उभे करतील. मान्य. बोर्डाचे पेपर तपासताना एखादी उत्तरपत्रिका पाण्याने भिजलेली निघाली तर आम्ही ती बाजूला ठेवत होतो, गठ्ठा तपासायचा थांबवत नव्हतो. पण बाजूला किती ठेवल्या ते वर लिहून द्यावे लागे. आणि परीक्षकच चक्कर येऊन पडला तर तिथे 'एक बाजूला ठेवली' असे म्हणून चालत नाही. खराब नोंद आणि खराब झालेला वाचक यांत फरक करा, एवढेच माझे म्हणणे. काफ्का नावाच्या ज्या साधनावर तो काम करतो, त्याच्या स्ट्रीम्स भागात २०२१ पासून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला निवड करता येते: थ्रेड मेला तर त्याच्या जागी दुसरा लावायचा, हा एक प्रोग्रॅम बंद करायचा, की त्याचे सगळीकडचे भाऊबंदही बंद करायचे. एरिक्सन कंपनीत टेलिफोनसाठी तयार झालेल्या अर्लांग भाषेत तर कामगारांच्या डोक्यावर मुकादमच नेमायची पद्धत आहे. कामगार पडला की मुकादमाला खबर जाते आणि तो दुसरा लावतो. आपल्या भागातल्या ऊसतोडीच्या टोळीत जे शेंबड्या पोराला कळते, ते संगणकात मुद्दाम शिकवावे लागते याची मला गंमत वाटते.

गंमत बाजूला. आमच्या धाराशिव जिल्ह्यात पावसाचा आकडा हा गप्पांचा विषय नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात आणि मदतीची गाडी तिथून पुढे सरकते. मंडळामंडळांत आता स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, आकडे आपोआप वर जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्याकडे पाण्याने काय केले ते तुम्ही पाहिले आहे. अशा रात्री एखाद्या केंद्रातला मागचा मदतनीस गप्प मेला आणि वर ०.० गेले, तर त्या मंडळातल्या माणसाने कोणाला पटवायचे? त्याच्या हातात चिखल आहे, आणि साहेबांच्या पडद्यावर शून्य. रकाना कोरा असता तर साहेबाने निदान विचारले असते.

मौनाचा अर्थ आपल्या सोयीने लावायचा, हे फक्त यंत्रे करत नाहीत. २०२० च्या खरिपात जिल्ह्यात (तेव्हा उस्मानाबाद) सोयाबीन पावसाने गेले. पीक विम्यात तेव्हा नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचे असे. त्या दिवसांत शेतात गुडघाभर पाणी, वीज नाही, मोबाइल बंद. कळवले नाही म्हणून साडेतीन लाखांवर शेतकरी भरपाईच्या बाहेर राहिले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले आणि मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. ज्याचे सगळे वाहून गेले त्याच्याकडूनच वेळेत खबर येण्याची अपेक्षा धरायची, ही रचनाच उलटी आहे. खबर आली नाही तर विचारायला जायची जबाबदारी वरच्याची हवी.

आमच्या प्रोग्रॅममध्ये आता दर पाच मिनिटांनी मागचा थ्रेड 'निरंक' पाठवतो. पुतण्याने तो शब्द प्रोग्रॅममध्ये देवनागरीत लिहिला आहे, पायथनला चालतो म्हणे. मोबाइलवर पावसाच्या आकड्यापुढे शेवटची खबर किती वाजता आली तेही येते, आणि ती जुनी झाली तर आकडा पुसून तिथे फुली येते. एका गोष्टीवर मात्र आमचे जमलेले नाही. किती वेळ खबर आली नाही तर फोन वाजवायचा? तो म्हणतो अर्धा तास, नाहीतर रेंज गेली की उगीच वाजत राहील. मी म्हणतो पावसाळ्यात पंधरा मिनिटे. सध्या पंधरावर आहे. गेल्या आठवड्यात रात्री दोन वाजता वाजला, रेंजच गेली होती, आणि सौभाग्यवतींनी पुतण्याच्या बाजूने मत दिले आहे.